संगीतकार म्हणून गाजण्याआधी पंचमदा माईकसमोर उभं राहून माऊथ ऑर्गन वाजवायचे

१९५८ साली देव आनंदचा ‘सोलवा साल’ आला. रेल्वेचा डबा, समोर वहिदा रहमान आणि ‘है अपना दिल तो आवारा’ हे गाणं. हेमंतकुमारांचा आवाज सगळ्यांनी ओळखला. पण त्या आवाजाच्या मागे-पुढे बागडणारा माऊथ ऑर्गन कुणी वाजवलाय, हे फार कमी जणांना माहिती असतं.

वाजवणारं पोरगं होतं अठरा-एकोणीस वर्षांचं. नाव राहुल देव बर्मन. म्हणजेच आपले पंचमदा.

२७ जून १९३९ ला कलकत्त्यात त्यांचा जन्म झाला. वडील सचिनदेव बर्मन म्हणजे मुंबईच्या सिनेमातलं मोठं नाव. पंचमदा उस्ताद अली अकबर खान यांच्याकडे सरोद शिकले, पंडित सामता प्रसाद यांच्याकडे तबला शिकले. वडिलांच्या हाताखाली सहायक म्हणून राबले. पण सिनेसंगीतात त्यांची पहिली ओळख झाली ती खिशात मावणाऱ्या एका वाद्यामुळे.

आता या वाद्याची गंमत बघा. माऊथ ऑर्गनच्या आत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात. फुंकर मारली की एक सूर, श्वास आत ओढला की दुसरा. बासरीत फक्त फुंकायचं असतं, इथं आत घेतलेला श्वासही वाजतो. अडचण एकच, याचा आवाज लहान असतो.

त्या काळात गायक आणि सगळा वाद्यवृंद एकदमच रेकॉर्ड व्हायचा. आजच्यासारखं प्रत्येक वाद्य वेगळं वाजवून नंतर जोडायची सोय नव्हती. त्यामुळे कोण माईकपासून किती लांब उभा राहतो, यावर गाण्याचा तोल ठरायचा. माऊथ ऑर्गनवाला लांब राहिला तर व्हायोलिनच्या ताफ्यात हरवणार. फार जवळ गेला तर सुरांआधी फुंकरच माईकवर आदळणार. शिवाय दोन्ही हातांची ओंजळ उघडझाप करून सूर थरथरवायचा, तर माईकसमोर तेवढी मोकळी जागाही लागते.

याच काळात तिकडे अमेरिकेत, शिकागोमध्ये, लिटल वॉल्टर नावाचा वादक बरोबर उलटं करत होता. त्यानं माईक माऊथ ऑर्गनसोबत ओंजळीतच घट्ट धरला आणि तो ॲम्प्लिफायरला जोडला. असे माईक मुळात घोषणा किंवा निरोप देण्यासाठीचे. त्यातून आवाज जाड, फाटलेला, जवळपास सॅक्सोफोनसारखा यायचा. १९५२ सालची त्याची ‘ज्यूक’ ही धून अमेरिकेच्या आर अँड बी यादीत आठ आठवडे एक नंबरवर होती.

म्हणजे माऊथ ऑर्गनसाठी माईक निवडताना आधी आवाज कसा हवा ते ठरवावं लागतं. फाटलेला, रांगडा आवाज हवा तर मुठीत मावणारा माईक. स्वच्छ, गोड सूर हवा तर स्टँडवरचा माईक आणि मध्ये थोडं अंतर. मुंबईचा स्टुडिओ असो की कळमनुरीतल्या लग्नाचा ऑर्केस्ट्रा, गणित तेच.

पंचमदांचा माऊथ ऑर्गन या दुसऱ्या जातीचा.

१९६१ मध्ये ‘छोटे नवाब’मधून ते स्वतंत्र संगीतकार झाले. तरीही १९६४ च्या ‘दोस्ती’साठी ते पुन्हा वादक म्हणून उभे राहिले, तेही दुसऱ्या संगीतकारांसाठी. लक्ष्मीकांत-प्यारेलाल त्यांचे मित्र. या सिनेमाचा एक नायक माऊथ ऑर्गन वाजवतो, म्हणजे अख्खा सिनेमाच त्या वाद्यावर उभा. ‘दोस्ती’नं मित्रांना फिल्मफेअर मिळवून दिलं. पंचमदांना स्वतःचं पहिलं फिल्मफेअर मिळायला १९८२ चा ‘सनम तेरी कसम’ यावा लागला.

पण माईकसमोर घालवलेली ती वर्षं वाया गेली नाहीत. लहानसा आवाजसुद्धा माईकजवळ नेला की मोठा होतो, हे त्यांना वादक म्हणून ठाऊक होतं. पुढे ‘शोले’च्या ‘मेहबूबा’साठी अर्धवट भरलेल्या बाटल्यांत फुंकून ताल धरला गेला. ‘पिया तू अब तो आजा’मध्ये तर त्यांनी स्वतःच्या धापा टाकणाऱ्या आवाजाचंच वाद्य केलं. त्याच ‘शोले’त जय संध्याकाळी माऊथ ऑर्गन वाजवत बसतो आणि राधा दिवे मालवते. तो माऊथ ऑर्गन वाजवला भानू गुप्ता यांनी. अख्ख्या सिनेमात जय आणि राधा जे बोलत नाहीत, ते पंचमदांनी त्या इवल्याशा वाद्याकडून बोलून घेतलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मात्र चित्र पालटलं. सिनेमे पडत गेले, निर्माते दुसरीकडे वळले. १९८८ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, नंतर बायपास झाली. ज्यांच्या दारात रांगा लागायच्या, ते कामाची वाट बघू लागले.

अशात विधू विनोद चोप्रा यांनी ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’ त्यांच्याकडे दिला. पंचमदांनी जीव ओतला. पण सिनेमा पडद्यावर येण्याआधीच, ४ जानेवारी १९९४ ला, मुंबईत ते गेले. वय होतं अवघं ५४. त्याच वर्षी सिनेमा आला, गाणी घराघरांत पोहोचली आणि मरणोत्तर फिल्मफेअर मिळालं.

पुढच्या वर्षीपासून फिल्मफेअरनं संगीतातल्या नव्या दमाच्या कलाकारांसाठी आर. डी. बर्मन पुरस्कार सुरू केला. त्याचा पहिला मान ए. आर. रहमान यांना मिळाला.