१२ फेब्रुवारी : नानांचा जन्मदिवस, महादजींचा शेवटचा दिवस

सकाळी डोळे चोळत फोन हातात घेतला की ‘आजचा दिनविशेष’ नावाचं एक कार्ड कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडलेलं असतं. कुणीतरी आत्या, मामा किंवा शाळेतले जुने सर ते नेमाने टाकतात आणि आपण ते न वाचताच अंगठ्याने वर सरकवतो. १२ फेब्रुवारीचं कार्ड मात्र एकदा थांबून वाचा.

१८०९ साली या तारखेला अब्राहम लिंकन जन्मले आणि त्याच वर्षी, त्याच दिवशी चार्ल्स डार्विनही. १९२० साली पडद्यावरचे खलनायक प्राण जन्मले. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचं प्रयागच्या संगमावर विसर्जन झालं. २००१ साली ‘ती फुलराणी’ गाजवणाऱ्या भक्ती बर्वे अपघातात गेल्या. या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध काय? काहीच नाही. तारीख एक आली, बस्स.

पण याच कार्डावर अजून दोन ओळी असतात. १७४२ : नाना फडणवीस यांचा जन्म. १७९४ : महादजी शिंदे यांचं पुण्यात वानवडी इथे निधन. म्हणजे नाना ५२ वर्षांचे झाले, त्याच तारखेला महादजी गेले.

आता हेही खरं की त्या काळच्या पुण्यात फेब्रुवारी वगैरे कुणी मोजत नव्हतं. तिथी, पक्ष, शके असा हिशेब चालायचा. त्यामुळे हा योगायोग नानांच्या लक्षात आला असेल, असं नाही. इंग्रजी तारखा नंतर लावल्या गेल्या आणि दोघं एका रकान्यात येऊन बसले. पण कॅलेंडरने त्यांना नंतर एकत्र आणलं असलं, तरी आयुष्याने फार आधीच एकत्र बांधून टाकलं होतं. म्हणूनच महादजींची गोष्ट सांगताना नानांना वगळता येत नाही.

धाकटा, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं

शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. राणोजी शिंदे पहिल्या बाजीरावांच्या पदरी वर चढले आणि माळव्यात त्यांची सरदारी उभी राहिली. महादजी हे त्यांचे धाकटे चिरंजीव. थोरले जयाप्पा, मग दत्ताजी, तुकोजी असे भाऊ असताना सरदारी आपल्याकडे येईल, असं महादजींना वाटण्याचं काही कारणच नव्हतं.

मग एकामागून एक माणसं गेली. १७५५ साली नागोरच्या वेढ्यात जयाप्पांना दगा होऊन मारलं गेलं. जानेवारी १७६० मध्ये दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी पडले. आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. त्यात तुकोजी गेले, जयाप्पांचा मुलगा जनकोजी पकडला जाऊन मारला गेला. सहा वर्षांत घरातली कर्ती पुरुषमंडळी जवळजवळ संपली.

तिशीतले महादजी पानिपतावरून निसटले खरे, पण पाठलागावर असलेल्या एका अफगाण स्वाराने त्यांना गाठलं. पायावर असा घाव बसला की पुढे आयुष्यभर ते लंगडतच चालले. रस्त्याच्या कडेला पडलेल्या या जखमी माणसाला उचललं राणेखान नावाच्या एका भिस्त्याने. भिस्ती म्हणजे पखालीतून पाणी वाहणारा माणूस. त्याने महादजींना आपल्या बैलावर घातलं आणि दक्षिणेच्या वाटेला लावलं. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

त्याच दिवशी, त्याच रणातून आणखी एक जण जीव घेऊन पळत होता. वय १८, अंगाने बारीक, लढाईशी संबंध नाही, आई आणि बायकोसोबत भाऊसाहेबांच्या लष्कराबरोबर आलेला. आई त्या धामधुमीत गेली, हा वाचला. तो मुलगा म्हणजे नाना फडणवीस. म्हणजे बघा, पुढची ३० वर्षं मराठ्यांचं राजकारण ज्या दोघांनी चालवलं, ते दोघंही पानिपतातून जेमतेम वाचलेले होते.

पुन्हा शून्यापासून

घरी परतल्यावर महादजींची वाट सोपी नव्हती. सरदारी कुणाला द्यायची यावर कित्येक वर्षं घोळ चालला. नात्यातले इतर दावेदार होते, राघोबादादांचं स्वतःचं राजकारण होतं. शेवटी १७६८ च्या सुमारास थोरल्या माधवरावांनी महादजींकडे शिंद्यांची सरदारी पक्की केली. पानिपतानंतर सात वर्षांनी! आपल्याकडे एक गॅप इयर झाला की घरात चर्चासत्र भरतं, हे आठवलं म्हणून सांगितलं.

पण त्यानंतरचा वेग बघा. १७७१ मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. अलाहाबादला इंग्रजांच्या आश्रयाने राहणारा बादशहा शाह आलम १७७२ च्या सुरुवातीला महादजींच्या बंदोबस्तात आपल्या राजधानीत परतला. पानिपत होऊन अकरा वर्षंच झाली होती.

तेवढ्यात पुण्यात घात झाला. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव क्षयाने गेले. ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. राघोबादादा गादीवर बसले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध बारभाईंचं कारस्थान उभं राहिलं आणि त्यातून नाना पुढे आले. नारायणरावांचा मरणोत्तर जन्मलेला मुलगा, सवाई माधवराव, याच्या नावाने ते कारभार बघू लागले. राघोबा मदतीसाठी इंग्रजांकडे गेले आणि युद्ध पेटलं.

वडगाव : दोघांची जोडी जमली तेव्हा

पुणे-लोणावळा लोकलने जात असाल तर तळेगावच्या पुढचं वडगाव स्टेशन रोज बघत असाल. १७७८ च्या अखेरीस मुंबईहून कंपनीची फौज राघोबांना घेऊन घाट चढून वर आली. सोबत तोफा आणि सामान वाहणाऱ्या हजारो बैलांचा तांडा. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिलीच नाही. वाटेवरचं धान्य, चारा जाळला, रसद तोडली, बाजूने टोचत राहिले. तळेगावला पोचेपर्यंत इंग्रजांच्या हातात फक्त राख उरली. पुणं दोन पावलांवर असताना त्यांनी माघार घेतली, जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि वडगावला पुरते वेढले गेले. जानेवारी १७७९ मध्ये त्यांना शरणागतीचा तह करावा लागला. राघोबा महादजींच्या स्वाधीन झाले.

पुण्यातून सूत्रं हलवणारे नाना आणि मैदानात महादजी, अशी ही जोडी होती. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांमध्ये नानांना अर्धा शहाणा म्हणतात, कारण बाकी तिघांसारखी त्यांनी तलवार चालवली नाही. वडगावला त्यांच्या अक्कलहुशारीला महादजींची तलवार मिळाली आणि हिशेब पूर्ण झाला.

पण कंपनीने तो तह मानला नाही. युद्ध लांबलं, १७८० मध्ये ग्वाल्हेरचा किल्लाही इंग्रजांनी घेतला. शेवटी १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. त्यात महादजी नुसते एका बाजूचे सरदार नव्हते, दोन्ही पक्षांमधले जामीनदार होते. इथे खरी ठिणगी पडली. आपल्या दौलतीचा एक सरदार इंग्रजांशी बरोबरीने बोलतो, हे नानांना खटकलं. त्यांनी तहावर मंजुरीची मोहोर उठवायला कित्येक महिने लावले.

दिल्लीचा खरा कारभारी

यानंतर महादजी उत्तरेत रमले. १७८४ मध्ये बादशहाने पेशव्यांना वकील-इ-मुतलक, म्हणजे आपला सर्वाधिकारी नेमलं आणि त्यांच्या वतीने कारभार बघायला महादजींना. कागदावर बादशहा मोठा, त्याखाली पेशवे, त्याखाली महादजी. प्रत्यक्षात दिल्ली महादजींच्या शब्दावर चालत होती.

याच सुमारास त्यांनी एक मोठा बदल केला. नुसत्या घोडदळावर कवायती पलटणींशी टक्कर देता येणार नाही, हे इंग्रजांशी लढताना त्यांना कळलं होतं. त्यांनी सॅव्हॉयहून आलेल्या द बॉइन नावाच्या अधिकाऱ्याला नोकरीत घेतलं. युरोपियन पद्धतीची कवायत, बंदूकधारी पलटणी, नेमाने पगार, आग्र्याला तोफा ओतायचा कारखाना अशी सगळी व्यवस्था उभी राहिली.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. १७८७ मध्ये लालसोटला राजपुतांसमोर त्यांच्याकडचं मोगल सैन्य फितूर झालं आणि सगळा डाव उधळला. महादजींनी पुण्याकडे मदत मागितली. नानांनी ती पाठवली, पण तिला पोचायला फार वेळ लागला. दरम्यान १७८८ मध्ये गुलाम कादिर या रोहिल्याने दिल्लीचा लाल किल्ला ताब्यात घेऊन शाह आलमचे डोळे काढले. त्याच वर्षी महादजींच्या फौजांनी दिल्ली परत घेतली. त्या फौजांचा सेनापती कोण होता माहितीये? राणेखान. तोच पखालवाला. महादजी त्याला भाऊ मानायचे आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं.

पुण्यातले शेवटचे वीस महिने

जून १७९२ मध्ये महादजी पुण्यात आले. बादशहाच्या सनदा आणि मानाची वस्त्रं सवाई माधवरावांना द्यायचा मोठा समारंभ झाला. हिंदुस्थानात ज्यांच्या शब्दाला एवढं वजन होतं, ते महादजी अठरा वर्षांच्या पेशव्यांसमोर त्यांचे जोडे सांभाळणारे सेवक म्हणून उभे राहिले. शिंद्यांच्या घराण्याचा हाच मूळचा मान, असं त्यांचं म्हणणं. स्वतःला ते पाटील म्हणवायचे आणि लोकही त्यांना पाटीलबावा म्हणत.

ही नम्रता खरी होती की राजकारण? इतिहासकार यावर भांडत आले आहेत. मला विचाराल तर दोन्ही. तरुण पेशवा आपल्याकडे ओढला जावा, ही इच्छा महादजींना असणारच. आणि नेमकी हीच भीती नानांना होती.

खरं भांडण पैशांचं होतं. उत्तरेतल्या मुलखाच्या उत्पन्नाचा हिशेब नाना मागत होते. मोहिमांवर झालेला खर्च त्याहून जास्त आहे, तो आधी द्या, असं महादजींचं म्हणणं होतं. त्यात होळकरांशी वाद. जून १७९३ मध्ये राजस्थानात लाखेरीला शिंद्यांच्या पलटणींनी होळकरांच्या फौजेला हरवलं. मराठ्यांनीच मराठ्यांना! हरिपंत फडक्यांसारखी दोघांनाही मानणारी माणसं मध्ये पडत होती, समेट घडवत होती.

गंमत म्हणजे याच काळात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात होता. त्याने दोघांचीही चित्रं काढली. आज पुस्तकांत ज्या चेहऱ्यांनी आपण या दोघांना ओळखतो, ते बऱ्याच अंशी त्याच्या कुंचल्यातून आले आहेत.

आणि मग १२ फेब्रुवारी १७९४. वानवडीच्या छावणीत तापाने महादजी गेले. उत्तरेतला कारभार तसाच मागे राहिला. त्यांना मुलगा नव्हता. पानिपतात पडलेल्या तुकोजींचा नातू दौलतराव वारस ठरला. वय जेमतेम १५.

नानांना हायसं वाटलं असेल का?

असेलही, काही दिवस. शनिवारवाड्यात आता त्यांना टोकणारं कुणी नव्हतं. पण पुढची यादी बघा. त्याच वर्षी हरिपंत फडके गेले. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध सगळे मराठे सरदार एकत्र लढले, ते शेवटचं. ऑगस्टमध्ये अहिल्याबाई गेल्या. ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव वाड्याच्या सज्जातून खाली पडून गेले. १७९७ मध्ये तुकोजी होळकर. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खुद्द नानांना कैद झाली. कुणी केली? दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी. ज्या शिंद्यांच्या ताकदीची नानांना भीती वाटायची, ती ताकद आता समज नसलेल्या हातात होती.

पुढे नाना सुटले, पण १३ मार्च १८०० ला तेही गेले. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी वसईला इंग्रजांशी तह केला. १८०३ मध्ये दिल्ली शिंद्यांच्या हातून गेली. १८१८ मध्ये पेशवाई संपली. महादजी गेल्यापासून २४ वर्षांत सगळा खेळ आटोपला.

महादजी आणखी दहा वर्षं जगले असते तर असं झालं नसतं, हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. ते सिद्ध करता येत नाही. पण एवढं दिसतं की हे दोघं एकमेकांवर विश्वास ठेवत नव्हते आणि तरीही एकमेकांशिवाय त्यांचं चालत नव्हतं. एकाकडे कागद होता, दुसऱ्याकडे फौज. वर्षानुवर्षं भांडूनसुद्धा दोघांनी तुटेपर्यंत ताणलं नाही. आणि दोघांनीही एक काम राहू दिलं : आपल्यानंतर हे सांभाळणारी माणसं तयार करण्याचं. आपण कॉलेजात एखादा महोत्सव, नाट्यसंघ किंवा ग्रुप उभा करतो आणि तिसऱ्या वर्षानंतर तो कोसळतो, तेव्हा कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पुण्यात असाल तर एका दुपारी दोन ठिकाणं बघून या. शनिवारवाड्याजवळ नानावाडा आहे. तिथून वानवडीला जा, महादजींची समाधी शिंद्यांच्या छत्रीत आहे. आधी तिथे त्यांनी बांधलेलं महादेवाचं देऊळ होतं, रंगीत काचांची देखणी इमारत वंशजांनी नंतर उभारली. दोन्ही जागांमध्ये अंतर काही किलोमीटरचंच आहे. बसने सहज पोचाल.