तिकिटावरचे अण्णा

लहानपणी ज्यांनी तिकिटं जमवली, त्यांना 'मग्यार पोश्टा' ही अक्षरं आठवत असतील. हंगेरीची ती तिकोनी, रंगीत तिकिटं बहुतेकांच्या वहीत असायचीच. त्या देशाची स्वतःची पहिली तिकिटं १८७१ साली निघाली, आणि त्यांवर तेव्हा गादीवर असलेल्या फ्रान्झ योसेफ राजाचा चेहरा होता. जिवंतपणी तिकिटावर यायचं तर सहसा राजाच असावं लागे. आपल्याकडेही इंग्रजांच्या काळात तेच. पण १८ एप्रिल १९५८ रोजी भारत सरकारने १५ नव्या पैशांचं एक तिकीट काढलं, त्यावर चक्क एक गणिताचे मास्तर होते! धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा. त्याच दिवशी त्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली. जिवंतपणी तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय.

अण्णा कोकणातल्या मुरुडचे. १८७५ साली सहावीच्या परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला पायी निघाले. भर पावसात, कुंभार्ली घाट चढून, शंभरेक मैल. आणि तिथे साहेबांनी चेहरा बघून ठरवलं, की हा सतरा वर्षांचा दिसत नाही. परीक्षेला बसूच दिलं नाही! (आपण व्हायव्हाला दहा मिनिटं उशीर झाला तर रडतो.) पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन पास झाले.

मग मुंबई. १८८१ ला मॅट्रिक, विल्सन आणि एल्फिन्स्टन कॉलेज, १८८४ ला बी.ए. शाळांत शिकवायचं आणि शिकवण्या करायच्या, असे दिवस. १८९१ मध्ये पहिली पत्नी राधाबाई गेल्या. त्याच साली गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला पुण्याला गेले.

खरी परीक्षा १८९३ ची. अण्णांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. विधवांच्या बाजूने बोलणारे तेव्हा बरेच होते, करणारे थोडे. ज्या मुरुडसाठी त्यांनी मित्रांना घेऊन 'मुरुड फंड' उभा केला होता, त्याच मुरुडने त्यांना वाळीत टाकलं. स्वतःच्या आईकडे उतरायची चोरी झाली. अण्णा भांडले नाहीत. १८९६ ला अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला नेला. कॉलेज सुटलं की आश्रम गाठायचा, तोही पायी. १९१६ ला महिला विद्यापीठ. विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख दिले आणि ते एस.एन.डी.टी. झालं. १९३६ ला ते मुंबईला आलं. आज त्याच्या जवळूनच महर्षी कर्वे रोड चर्चगेटहून चर्नी रोडकडे जातो. सत्तरी ओलांडल्यावर अण्णा जगभर फिरून आले, त्या फेरीत आइन्स्टाइनलाही भेटले.

शंभरीचा मोठा समारंभ ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाला, नेहरू आले होते. त्याच वर्षी भारतरत्न. (सिव्हिलवाल्यांनी रुसू नये. दोन वर्षांनी, १५ सप्टेंबर १९६० ला, विश्वेश्वरय्याही हयातीतच तिकिटावर आले, आणि तेही शंभरीलाच.) अण्णा ९ नोव्हेंबर १९६२ ला गेले, १०४ वर्षांचे होऊन.

ते तिकीट मुरुडच्या पोस्टातही विकलं गेलंच असणार. वाळीत टाकलेल्या माणसाचा चेहरा जिभेने ओला करून लोकांनी पाकिटावर चिकटवला असेल, आणि वर पोस्टमास्तरने ठप्पा मारला असेल.