होमी जहांगीर भाभा

डॉ. होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर १९०९ – २४ जानेवारी १९६६) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि मुंबईच्या पूर्व उपनगरातील ट्रॉम्बे (तुर्भे) येथील अणुशक्ती केंद्र यांची स्थापना त्यांच्या पुढाकाराने झाली. दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांचे केंब्रिजला परतणे राहून गेले आणि भारत हेच त्यांचे कायमचे कार्यक्षेत्र बनले.

जन्म आणि शिक्षण

भाभा यांचा जन्म मुंबईतील एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील जहांगीर हे वकील होते, तर आत्या मेहेरबाई या उद्योगपती सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी होत्या. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिकल्यानंतर १९२७ साली ते केंब्रिजला गेले. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. त्यानुसार त्यांनी १९३० मध्ये यांत्रिकी अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण केली. पण पुढे ते आपल्या आवडीच्या गणित व भौतिकशास्त्राकडे वळले. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या विकिरणावरील त्यांचे संशोधन आज ‘भाभा विकिरण’ या नावाने प्रसिद्ध आहे. १९३७ साली वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली.

महायुद्धाचा काळ

१९३९ साली भाभा सुटीसाठी भारतात आले होते. १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि ३ सप्टेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारले. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारता भारतही युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. भाभांचा परतीचा बेत रहित झाला. ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले. तेथे भौतिकशास्त्र विभागाची धुरा सर सी. व्ही. रामन यांच्याकडे होती. भाभांनी विश्वकिरण संशोधन विभाग उभारला. युद्धामुळेच परतलेले विक्रम साराभाई हेही त्या काळात याच संस्थेत काम करीत होते. १९४१ मध्ये भाभांची लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सदस्यपदी निवड झाली.

युरोपात सुरू झालेले युद्ध डिसेंबर १९४१ मधील पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर खऱ्या अर्थाने जागतिक झाले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले. एप्रिलमध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणम व काकीनाडा येथे बाँब टाकले. भारताच्या भूमीवर मोठी लढाई केवळ ईशान्य सीमेवर झाली. तरीही युद्धाची झळ नागरिकांना सर्वत्र बसली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लक्षावधी लोक मृत्युमुखी पडले. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा व कापूस भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. त्यात शेकडो माणसे दगावली आणि हजारो बेघर झाली.

याच युद्धाने संशोधनाला काही साधनेही पुरविली. बंगळूरहून उडणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या विमानांतून उपकरणे उंचावर नेऊन भाभा व त्यांच्या सहकाऱ्यांनी विश्वकिरणांची मोजमापे घेतली.

संस्थेची स्थापना आणि युद्धाचा शेवट

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र संस्थेची मागणी केली. काही दशकांत अणूपासून वीज मिळू लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे पत्र हिरोशिमाच्या सतरा महिने आधीचे आहे. त्यातून १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूर येथे सुरू झाली व वर्षअखेरीस मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली.

दरम्यान मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागती पत्करली. ६ ऑगस्टला हिरोशिमावर व ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबाँब टाकण्यात आले. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत दोन्ही शहरांत मिळून सुमारे दोन लाख माणसे मरण पावली असावीत, असा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य नागरिक होते. २ सप्टेंबर रोजी जपानने शरणागतीच्या करारावर सही केली. भाभांना ज्या शक्तीतून वीज निर्माण करावयाची होती, तिची जगाला पहिली ओळख संहारातून झाली.

ट्रॉम्बे येथील कार्य

१० ऑगस्ट १९४८ रोजी स्थापन झालेल्या अणुऊर्जा आयोगाचे भाभा पहिले अध्यक्ष झाले. ट्रॉम्बे येथे डोंगर व खाडी यांच्यामधील जागेत १९५४ साली अणुशक्ती केंद्राचा आरंभ झाला. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिची उभारणी भारतीय अभियंत्यांनी केली होती. इंधन मात्र ब्रिटनने पुरविले होते. १९६० मध्ये कॅनडाच्या साहाय्याने ‘सायरस’ ही ४० मेगावॉट क्षमतेची अणुभट्टी सुरू झाली. भारतात युरेनियम मर्यादित व थोरियम विपुल असल्यामुळे भाभांनी तीन टप्प्यांची अणुऊर्जा योजना आखली.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयी संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. तिचे अध्यक्षपद भाभांनी भूषविले. मात्र शांततेसाठीचे तंत्र आणि शस्त्राचे तंत्र यांतील सीमारेषा पुसट होती. १९६४ मध्ये ट्रॉम्बे येथे प्लुटोनियम वेगळे करण्याचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनने अणुचाचणी केली. त्यानंतर आकाशवाणीवरील भाषणात भाभांनी अण्वस्त्रांच्या तुलनेने कमी खर्चाचा मुद्दा मांडला, तसेच निःशस्त्रीकरणाची गरजही सांगितली. त्यावरून देशात मोठी चर्चा झाली. १९७४ च्या पोखरण चाचणीत ‘सायरस’मधील प्लुटोनियम वापरण्यात आले.

मृत्यू आणि स्मृती

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्ना येथील बैठकीसाठी जात असताना एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. विमानातील सर्व ११७ जणांसह भाभांचा मृत्यू झाला. ते अविवाहित होते. चित्रकला, पाश्चात्त्य संगीत व उद्यानरचना यांची त्यांना आवड होती. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविण्यात आले होते. जानेवारी १९६७ मध्ये ट्रॉम्बे येथील केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले.