डॉ. रखमाबाई : एक कृतज्ञ स्मरण

झाशीच्या मराठी घरांत मूल जरा बोलू लागले, की किल्ल्याकडे बोट करून त्यास राणीची गोष्ट सांगावयाची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. आमच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतही महाराणी लक्ष्मीबाईंवर कोणी ना कोणी अधिकारी लेखणी चालवीलच. आम्ही मात्र येथे दुसऱ्याच एका मराठी स्त्रीचे स्मरण करणार आहोत. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणी धारातीर्थी पडली. त्यानंतर सहा वर्षांनी, २२ नोव्हेंबर १८६४ रोजी, मुंबईस रखमाबाईंचा जन्म झाला. त्यांच्या हाती तलवार नव्हती. पण आपल्या देहावर आपलाच अधिकार आहे, हे त्यांनी भर न्यायालयात सांगितले, आणि पुढले सारे आयुष्य इतर स्त्रियांच्या देहदुःखाच्या परिहारार्थ वेचले.

रखमाबाईंच्या मातोश्री जयंतीबाई ह्या पंधराव्या वर्षी आई व सतराव्या वर्षी विधवा झाल्या. पुढे त्यांचा पुनर्विवाह मुंबईचे विद्वान डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र या दोहोंत गती असलेल्या या गृहस्थांनी सावत्र मुलीला पोटच्या मुलीप्रमाणे वाढविले व तिला शिक्षणाची गोडी लाविली. तथापि रूढीचा पगडा मोठा. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत; आईवडिलांच्या घरीच राहून त्यांनी विद्याभ्यास चालू ठेवला.

१८८४ साली पत्नीने नांदावयास यावे म्हणून दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लाविला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. परंतु अपील झाले, प्रकरण फिरले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याच्या घरी जावे, नाहीतर सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा हुकूम केला. बावीस वर्षांच्या त्या मुलीने कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. अजाण वयात, आपल्या संमतीवाचून लागलेले लग्न आपल्यास बंधनकारक नाही, एवढेच तिचे म्हणणे होते. साऱ्या देशात वादळ उठले. लोकमान्य टिळकांसारखे वंदनीय पुरुषही या वादात तिच्या विरुद्ध पक्षास होते, हे नमूद केल्यावाचून गत्यंतर नाही. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. या खटल्याने जी चर्चा पेटली, तिचा १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास मोठाच हातभार लागला.

खटला संपला, आणि खरे कार्य पुढेच सुरू झाले. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांस प्रोत्साहन दिले, हितचिंतकांनी निधी जमविला, आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून पदवी घेऊन आल्या, पण रुग्णसेवेस आरंभ करण्यापूर्वीच १८८७ मध्ये क्षयाने गेल्या. त्यांचे अपुरे राहिलेले कार्य रखमाबाईंच्या हातून घडावयाचे होते. १८९४ साली शिक्षण पुरे करून त्या स्वदेशी परतल्या आणि लवकरच सुरतेस स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. पुढे १९१८ पासून राजकोटच्या जनाना रुग्णालयाचा भार त्यांनी वाहिला. अशी सुमारे ३५ वर्षे त्यांनी सेवा केली.

वाचकहो, ही सेवा सुखाची नव्हती. रुग्णालय बांधलेले होते, औषधे होती, स्त्री डॉक्टरही होती; नव्हत्या त्या रुग्ण स्त्रिया. दवाखान्यात बाळंत होणे म्हणजे अपशकुन, आणि दुखणे चारचौघांत बोलणे म्हणजे निर्लज्जपणा! सुरतेस अशी हकीकत सांगतात, की रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणवून तिचे बाळंतपण तेथे सुखरूप केले, आणि मगच बायकांचा धीर चेपला. हकीकतीत हसू आहे, पण त्यामागचे दुःख केवढे! न्यायालयाच्या हुकुमास न भ्यालेल्या या स्त्रीला खरी झुंज द्यावी लागली ती भगिनींच्या मनातील भीतीशी आणि संकोचाशी. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

ही भीती आता संपली, असे म्हणावयास आमचे मन धजत नाही. आमच्याच थोरल्या वहिनींचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. पाळी जाऊन सहा वर्षे झाली असता त्यांस पुन्हा रक्तस्राव होऊ लागला. मुलीचे लग्न ठरले होते. घरात ओल्या हळदीचा वास होता. हे असले बोलायचे कोणाशी, म्हणून त्यांनी आठ महिने अवाक्षर काढले नाही. डॉक्टरांकडे नेले तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग पुष्कळ पसरलेला होता. आम्ही सरकारी नोकरीत शेकडो फायली वेळेवर हातावेगळ्या केल्या. पण घरातील एका माणसाचे मौन आम्हांस ऐकू आले नाही.

आज भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल गर्भाशयमुखाचाच कर्करोग आढळतो. आणि टाळता येण्याजोग्या कर्करोगांत तर तो अग्रगण्य आहे. एच. पी. व्ही. नावाच्या विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ टिकून राहिल्यास पेशींत बदल होऊ लागतात. त्यांचा कर्करोग होण्यास बहुधा दहा वर्षे वा अधिक काळ लागतो. एवढ्या अवधीत एक साधी तपासणी झाली, तरी रोग मुळातच खुडता येतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. सौम्य ॲसिटिक आम्ल लावले असता बदललेल्या पेशी पांढऱ्या दिसतात, एवढ्यावर ही तपासणी आधारलेली आहे. ती प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केली, आणि या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या खेड्यांत तर एकदाच केलेल्या एच. पी. व्ही. तपासणीने हे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातील अशिक्षित व गरीब भगिनींनी जगाला हा पुरावा दिला; सुशिक्षितांनी मागे राहावे काय?

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांनी दर पाच वर्षांनी गर्भाशयमुख, स्तन आणि मुख यांची तपासणी करून घ्यावी. काही त्रास नसतानाच ही तपासणी करावयाची असते, हे ध्यानात धरावे. पाळी गेल्यावर रक्तस्राव, दोन पाळ्यांच्या मध्ये वा संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव, स्तनात न दुखणारी गाठ यांपैकी काही दिसल्यास मात्र तपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांस गाठावे. मुलींना नवव्या ते चौदाव्या वर्षी प्रतिबंधक लस देता येते. पुण्याच्या सीरम संस्थेने अशी स्वदेशी लस सिद्ध केली आहे. लस घेतली तरी पुढे योग्य वयात तपासणी करावीच.

सुवर्णमहोत्सवी वर्षासाठी आमची एक नम्र सूचना आहे. यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास मंडळाच्या भगिनींनी तिळगूळ व वाण देताना तपासणीचा एक दिवस नेमावा आणि आठ-दहा जणींनी मिळून रुग्णालयात जावे. एकटीला वाटणारा संकोच मैत्रिणींच्या सोबतीत उरत नाही. पुरुषांनीही त्या दिवशी घर सांभाळावे, आणि कोठे दुखते-खुपते हे आधी विचारण्याची सवय लावून घ्यावी. आम्ही ती उशिरा लावून घेतली.

राणीने झाशी देणार नाही असा निर्धार केला, ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतोच. त्या गोष्टीच्या जोडीला रखमाबाईंचीही गोष्ट मुलींना सांगितली जावी, म्हणजे आपले दुखणे वेळीच बोलून दाखविण्यात लाज नाही, एवढे तरी त्यांच्या मनात लहानपणीच रुजेल.