अमीर कबीर आणि त्याचे चरित्रकार



'माझा आवडता थोर पुरुष' या विषयावर शाळेत दर वर्षी निबंध येतात आणि ते तपासायचे काम बहुधा माझ्याकडे येते. नावे वेगवेगळी असतात, पण वाचता वाचता माणूस एकच होऊन जातो. तो गरिबीत जन्मतो, दुसऱ्याच्या दिव्याच्या उजेडात अभ्यास करतो, कधी खोटे बोलत नाही, दुष्ट लोक त्याचा छळ करतात आणि शेवटी तो देशासाठी प्राण देतो. यात तुमचा दोष फारसा नाही. मोठ्यांनी लिहिलेली पुष्कळ चरित्रेही अशीच असतात. यंदाचे निबंध वाचताना मला इराणच्या एका वजिराची आठवण झाली. त्याच्या आयुष्यात या पाचही गोष्टी जवळजवळ जशाच्या तशा आहेत, आणि तरीही त्याचे चरित्र वाचताना फार सावध राहावे लागते.

आपल्या हैदराबादेत फारसी भाषा परकी वाटायचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात बरीच वर्षे इथल्या दरबारचा कारभार फारसीत चालत असे. मराठीतही हमाम, वजीर, फौज, अमीर हे शब्द आपण घरच्यासारखे वापरतो. हे चारही शब्द या गोष्टीत येणार आहेत.

त्या वजिराचे नाव मिर्झा तकी खान. जन्म १८०७ च्या सुमाराचा, फराहान भागातल्या हझावे या गावचा. हे गाव आजच्या अराक शहराजवळ आहे. त्याचे वडील करबलाई कुर्बान हे कायम मकाम या मोठ्या मुत्सद्दी घराण्यात स्वयंपाकी होते. इराणी मुले शाळेत जी गोष्ट ऐकतात ती अशी : धन्याच्या मुलांना शिकवायला घरी शिक्षक येत. दुपारचे जेवण घेऊन तकी तिथे जाई आणि भांडी परत न्यायची म्हणून दाराशी थांबून राही. एकदा कायम मकामांनी मुलांना प्रश्न विचारले. मुले गप्प. उत्तरे दाराशी उभ्या असलेल्या तकीने दिली. बक्षीस काय हवे, असे विचारल्यावर त्याने शिकायची परवानगी मागितली.

गोष्ट गोड आहे. खरी आहे का? दाराशी कोण कुठे उभे होते याचा साक्षीदार आज कोण आणणार! पण दुसरा एक पुरावा आहे. स्वतः कायम मकाम हे फारसी गद्याचे नामांकित लेखक होते. त्यांचे एक पत्र उपलब्ध आहे. त्यात या स्वयंपाक्याच्या मुलाच्या लेखनाचे त्यांनी मोकळ्या मनाने कौतुक केले आहे, आणि आपल्या घरच्या मुलांपेक्षा हा पुढे गेल्याची थोडी असूयाही त्यात आहे. म्हणजे दाराची गोष्ट रचलेली असली, तरी मुलाच्या हुशारीची साक्ष त्याच काळातली, तीही धन्याच्या हातची आहे. चरित्र वाचताना हा फरक करता आला तर पुष्कळ काम झाले.

हे कायम मकाम पुढे इराणचे प्रधान झाले आणि १८३५ साली मोहम्मद शहाच्या हुकुमाने त्यांना गळा दाबून मारण्यात आले. प्रधानाच्या गादीवर बसणे म्हणजे काय, हे तकी खानाने अठ्ठाविसाव्या वर्षीच आपल्या आश्रयदात्याच्या मरणातून पाहिले होते. तरी तो त्या वाटेने गेला.

त्याची उमेदवारी झाली तब्रीझला, फौजेच्या हिशेबखात्यात. १८२९ मध्ये तेहरानात जमावाने रशियाचा वकील ग्रिबोयेदोव याला ठार केले. झारची क्षमा मागण्यासाठी खुस्रो मिर्झा या राजपुत्राबरोबर एक शिष्टमंडळ सेंट पीटर्सबर्गला गेले. त्यात हा बावीस वर्षांचा कारकून होता. आदल्याच वर्षी रशियाकडून हरून इराणने मोठा मुलूख गमावला होता, आणि त्या जेत्याच्या शाळा, कारखाने, छापखाने आता तो डोळ्यांनी पाहत होता. पुढे १८४३ ते १८४७ ही चार वर्षे तो तुर्कस्तानातल्या एर्झुरुमला सरहद्दीच्या वाटाघाटींसाठी राहिला. तिथे जमावाने त्याच्या बिऱ्हाडावर हल्ला केला, त्याची माणसे मारली गेली. पण तो जागचा हलला नाही आणि तह करूनच परतला. आज खुर्रमशहर म्हणून ओळखले जाणारे बंदर त्या तहाने इराणकडे राहिले, सुलेमानियावरचा हक्क मात्र सोडावा लागला. तुर्की सुलतान आपला कारभार कसा बदलत होता, हेही त्याने याच मुक्कामात जवळून पाहिले.

सप्टेंबर १८४८ मध्ये मोहम्मद शाह वारला. युवराज नासिरुद्दीन सतरा वर्षांचा, तब्रीझला. राजधानी तेहरान दूर, आणि तिथवर फौजफाट्यासह जायला खजिन्यात पैसे नाहीत! तकी खानाने व्यापाऱ्यांकडून कर्ज उभे केले, फौज जमवली आणि नव्या शहाला तेहरानच्या तख्तावर नेऊन बसवले. शहाने वाटेतच त्याला अमीर निजाम केले. (आपल्याकडे निजाम म्हटले की वेगळेच चित्र डोळ्यांपुढे येते. तिथे या शब्दाचा अर्थ नव्या पद्धतीची कवायती फौज, आणि अमीर निजाम म्हणजे तिचा सरदार.) तेहरानला पोचताच तो प्रधान झाला. थोरला अमीर या अर्थाने लोक त्याला अमीर कबीर म्हणू लागले. १८४९ मध्ये शहाने आपली सख्खी बहीण इज्जतुद्दौला त्याला दिली. ती तेव्हा तेरा वर्षांची होती.

अमीर कबीरने कारभार केला जेमतेम तीन वर्षे. त्यात त्याने नुसते बसून खाणाऱ्या सरदार-दरबाऱ्यांचे तनखे कापले, शहाच्या खर्चालाही शिस्त लावली, पदे विकत घ्यायच्या प्रथेवर घाव घातला. देवीची लस टोचण्याची मोहीम काढली. फेब्रुवारी १८५१ मध्ये वकाये-इत्तेफाकिये नावाचे साप्ताहिक सुरू करून सरकारी अधिकाऱ्यांना त्याची वर्गणी सक्तीची केली. शत्रू अर्थातच पहिल्या दिवसापासून तयार झाले. १८४९ च्या मार्चमध्ये तेहरानातल्या पलटणी त्याला काढा म्हणून बंडाला उभ्या राहिल्या, तेव्हा बाजारातल्या लोकांनी दुकाने बंद करून त्याची बाजू घेतली. स्वयंपाक्याचा मुलगा लोकांना आपला वाटत होता.

त्याचे सर्वांत मोठे काम म्हणजे शाळा. दारुलफुनून, म्हणजे विद्यांचे घर. इथे युद्धशास्त्र, अभियांत्रिकी, वैद्यक, खाणकाम आणि परकी भाषा शिकवायच्या होत्या. शिक्षक कुठून आणायचे? रशियाचे आणले तर इंग्रज चिडणार, इंग्रज आणले तर रशिया. आणि शिक्षकांच्या मागोमाग त्यांचे सरकार येणार, ही धास्ती वेगळीच. म्हणून अमीरने आपला माणूस ऑस्ट्रियाला पाठवला. इराणात त्या देशाचे काही अडकलेले नव्हते.

इथवर चरित्र आपल्या निबंधासारखेच चालले आहे. आता जे सांगतो ते कौतुकाच्या चरित्रांत दोन ओळींत उरकलेले असते.

त्या काळात शिराझच्या सय्यद अली मोहम्मद या तरुणाने नव्या धर्मप्रेरणेचा दावा केला होता. त्याला बाब म्हणत आणि त्याच्या अनुयायांना बाबी. माझंदरान, झंजान, नयरीझ या ठिकाणी बाबी आणि सरकारी फौज यांच्यात लढाया झाल्या, आणि शरण आलेल्यांचीही कत्तल झाली. ९ जुलै १८५० रोजी तब्रीझमध्ये बाबला गोळ्या घालण्यात आल्या. तो हुकूम अमीर कबीरचा होता. राज्य फुटत असताना प्रधानाने दुसरे काय करायचे, असे त्याचे समर्थन केले जाते. खुरासानचे बंड त्याने मोडले तेही याच न्यायाने. पण बंदीत पडलेल्या माणसाला भिंतीपुढे उभे करणे हे बंड मोडण्यात बसत नाही, असे मला वाटते. लस टोचणारा हात आणि हा हुकूम देणारा हात एकाच माणसाचा होता. चरित्रकाराने दोन्ही दाखवले पाहिजेत.

१३ नोव्हेंबर १८५१ रोजी अमीर प्रधानपदावरून दूर झाला. राजमाता महद-ए-उल्या त्याच्यावर जळत होती. मिर्झा आका खान नूरी हा इंग्रजांच्या आश्रयातला सरदार त्याच्या जागेवर डोळा ठेवून होता. तरीही अमीर कदाचित निभावला असता, पण रशियाच्या वकिलाने त्याच्या संरक्षणासाठी स्वतःची माणसे त्याच्या घरी पाठवली. आपला प्रधान परक्यांच्या पहाऱ्यात, हे पाहून वीस वर्षांचा शाह बिथरला. जन्मभर रशिया आणि इंग्लंड यांच्यापासून देशाला दूर ठेवायला धडपडलेल्या माणसाचा घात एकाच्या वैराने आणि दुसऱ्याच्या मदतीने झाला. त्याला काशानजवळच्या फीन बागेत पाठवण्यात आले. इज्जतुद्दौला आई-भावाचे न ऐकता त्याच्याबरोबर गेली आणि चाळीस दिवस त्याला नजरेआड होऊ दिले नाही.

बडतर्फ झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात ऑस्ट्रियन शिक्षक तेहरानला पोचले. बोलावणारा पदावर नाही, स्वागत थंड. तरी २९ डिसेंबर १८५१ रोजी शाळा उघडली. त्यानंतर बारा दिवसांनी, १० जानेवारी १८५२ रोजी, शहाचा हुकूम घेऊन हाजी अली खान फीनला आला. अमीर पत्नीपासून दूर, हमामात असतानाची वेळ त्याने साधली. तिथे अमीरच्या हातांच्या शिरा कापण्यात आल्या. तो पंचेचाळीस वर्षांचा होता. हा हाजी अली खान एके काळी अमीरच्याच कृपेने वर चढलेला होता. इज्जतुद्दौलाचे लग्न नंतर नूरीच्या मुलाशी लावून दिले गेले. तिला कोणी विचारले नसावे.

दारूच्या धुंदीत शहाकडून सही करून घेतली, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. बडतर्फीनंतर शहाने अमीरला लिहिलेली जिव्हाळ्याची पत्रे उपलब्ध आहेत, त्यामुळे ही कथा पटतेही. पण तिचा फायदा कोणाला होतो ते पाहा. दोष जातो आईकडे, नूरीकडे, दारूकडे. राजा तेवढा सुटतो. हुकूम मात्र राजाचाच होता.

मग हे सगळे लिहिले कोणी? अमीरनेच काढलेल्या साप्ताहिकाने आधी त्याची तब्येत बिघडल्याचे छापले, आणि नंतर तो काशानला वारला एवढेच. दरबारी इतिहासकारांनीही खुनाचे नाव काढले नाही. त्यांचे पोट शहाच्या हाती होते. तेव्हा तेहरानात असलेल्या ब्रिटिश वकिलाची पत्नी लेडी शील हिने १८५६ च्या आपल्या पुस्तकात मात्र हा शेवट आणि इज्जतुद्दौलाची निष्ठा नोंदवली. त्याच वकिलातीत काम केलेल्या वॉटसनने १८६६ च्या इतिहासात अमीरची स्तुती केली. ज्यांच्या वकिलातीने नूरीला हाताशी धरले, त्यांच्याच माणसांनी अमीरला चांगले म्हटले, म्हणून ती साक्ष मला वजनदार वाटते.

विसाव्या शतकात वारे फिरले. १९४० च्या दशकात फरिदून आदमियत यांनी कागदपत्रे धुंडाळून मोठे चरित्र लिहिले. त्यात अमीर हा आधुनिक, राष्ट्रवादी सुधारक आहे. १९६० च्या दशकात हाशेमी रफसंजानी या तरुण मौलवींनीही त्याच्यावर पुस्तक लिहिले, त्यात तो परकी साम्राज्यांशी झुंजणारा वीर आहे. हे लेखक १९८९ मध्ये इराणचे राष्ट्राध्यक्ष झाले. शहाच्या राजवटीत एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने अमीर कबीर हे नाव घेतले, आणि १९७९ च्या क्रांतीनंतर तेहरानच्या तंत्रविद्यापीठालाही तेच नाव मिळाले. एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक एकाच माणसाच्या तसबिरीला हार घालतात. प्रत्येकाची तसबीर वेगळी, आणि बाबींची हकिगत बहुतेकांच्या तसबिरीत चौकटीबाहेर.

आता ज्या चरित्रकारामुळे मला हा लेख लिहावासा वाटला, त्याच्याकडे येतो. दारुलफुनूनच्या पहिल्या तुकडीत सुमारे शंभर मुले होती, बहुतेक सरदारांची. त्यांत आठ-नऊ वर्षांचा मोहम्मद हसन होता. तो तिथे बारा वर्षे शिकला, फ्रेंच भाषेत तरबेज झाला आणि पुढे इतिमादुस्सल्तना या किताबाने शहाच्या दरबारात मोठा विद्वान म्हणून वावरला. काजार घराण्याच्या प्रधानांची चरित्रे सांगणारा सद्रुत्तवारीख हा ग्रंथ त्याचा. त्यात अमीर कबीरचेही चरित्र आहे. या मोहम्मद हसनच्या वडिलांचे नाव हाजी अली खान. फीनच्या हमामात गेलेला तोच.

बापाने ज्याच्या शिरा कापवल्या, त्याने काढलेल्या शाळेत मुलगा शिकला आणि त्याच शिक्षणाच्या जोरावर त्याने त्याचे चरित्र लिहिले. हे चरित्र फेकून द्यायचे का? मी म्हणेन, नाही. दरबारातली माहिती त्याच्याइतकी फार थोड्यांना होती. फक्त फीनचे पान आले की लेखकाच्या वडिलांचे नाव पेन्सिलीने समासात लिहून ठेवावे आणि मग वाचावे.

अमीर आणि इज्जतुद्दौला यांना दोन मुली होत्या. त्यांतली ताजुल्मुलूक पुढे युवराज मुजफ्फरुद्दीनला दिली. तिचा मुलगा मोहम्मद अली १९०७ मध्ये इराणचा शाह झाला. इराणची पहिली लोकसभा तेव्हा नुकतीच भरू लागली होती. जून १९०८ मध्ये या शहाने तिच्या इमारतीवर तोफा डागल्या. तो अमीर कबीरचा नातू होता. हे नाते अमीरच्या किती चरित्रांत सापडते, ते मोठेपणी कोणी तरी मोजून पाहा.