सायकलपटु यूजेन क्रिस्तोफ

फ्रान्स देशाला वळसा घालणारी तूर द फ्रान्स ही सायकलींची शर्यत १९०३ सालीं सुरू झाली. ती जिंकणाऱ्यांच्या यादींत यूजेन क्रिस्तोफ हें नांव शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं. तो अकरा वेळां त्या शर्यतींत उतरला आणि एकदांहि जिंकला नाहीं. अशा गृहस्थाचें चरित्र शाळेच्या वार्षिकांत कां द्यावें, असें कोणी पालक विचारतील, तर त्यांस आमची एवढीच विनंती कीं, त्यांनीं तें शेवटपर्यंत वाचावें.

क्रिस्तोफचा जन्म २२ जानेवारी १८८५ रोजीं पॅरिसला लागून असलेल्या मालाकोफ या गांवीं झाला. सायकलीच्या नादीं लागण्यापूर्वीं तो कुलुपें करणाऱ्याच्या धंद्यांत शिकला होता. कानस कशी चालवावी, लोखंड कितपत लाल झालें म्हणजे त्यावर हातोडा घालावा, हें ज्ञान पुस्तकांतून येत नाहीं. तें हातांत मुरावें लागतें, आणि त्याच्या हातांत तें मुरलें होतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

१९१० सालच्या एप्रिलांत इटलींतील मिलान ते सान रेमो या शर्यतींत त्यानें प्रथम मोठें नांव मिळविलें. त्या दिवशीं तुर्कीनो घाटांत बर्फ पडत होतें. थंडीनें क्रिस्तोफचे हातपाय आंखडले व त्यास सायकलीवर बसवेना. एका वाटसरूनें त्याला जवळच्या खाणावळींत नेलें. तेथें ओले कपडे उतरवून, घोंगडी पांघरून तो ऊब घेत बसला. इतर कोणी असता तर तेथेंच राहिला असता. हा उठला, पुन्हां बर्फांत शिरला आणि बारा तासांहून अधिक वेळ प्रवास करून पहिला आला. साठांहून अधिक स्पर्धक निघाले होते. शेवटास पोंचलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. या विजयाची किंमत मात्र जबर पडली. त्यास इस्पितळांत राहावें लागलें, व प्रकृति पूर्ववत् होण्यास दोन वर्षें लागलीं. १९१२ च्या तूरमध्यें तो दुसरा आला. त्या वेळीं लागलेला वेळ न मोजतां क्रमांकावरून गुण देत असत.

आतां ९ जुलै १९१३ या दिवसाकडे वळूं. फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवर पिरनीज पर्वताची ओळ आहे. तींतील तुर्माले घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून २,११५ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनहि सुमारें साडेचारशें मीटर वर आहे. १९१० सालीं शर्यत प्रथम त्या वाटेनें नेली, तेव्हां माथ्यावर पहिला पोंचलेला ओक्ताव्ह लापीझ हाहि कांहीं वाट सायकल हातांत धरून चालतच गेला होता. रस्ता खडीचा व धुळीचा. घाट चढतांना दांत्यांचीं चाकें बदलण्याची आजची सोय त्या शर्यतींत नव्हती. उतरून मागचें चाक काढावें, तें उलटें बसवावें, म्हणजे दुसऱ्या बाजूचें दांत्याचें चाक सांखळीखालीं येई. त्या दिवसाचा टप्पा बायोन ते ल्यूशों असा ३२६ किलोमीटरांचा होता, आणि स्पर्धक रात्रीच्या अंधारांतच निघाले होते.

एकंदर वेळेच्या हिशेबानें क्रिस्तोफ दुसरा होता. पण पहिल्या असलेल्या दफ्रे यानें त्याच दिवशीं वाटेंत शर्यत सोडली. बेल्जमचा फिलीप थीस व क्रिस्तोफ हे दोघे सर्वांस मागें टाकून तुर्मालेचा माथा चढले. थीस किंचित् पुढें होता, तरी हिशेबानें आघाडी क्रिस्तोफचीच होती. पुढें उतार होता. त्या उतारावरच त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला.

चिमटा मोडणें म्हणजे काय, हें सायकल वापरणाऱ्या मुलांस सांगावयास नको. पुढचें चाक ज्यांत बसतें तो आधारच गेला. आज अशा प्रसंगीं मागून येणारी मोटार क्षणांत दुसरी सायकल देते. त्या काळीं नियम कडक होता : सायकल बदलावयाची नाहीं, आणि दुरुस्ती दुसऱ्या कोणाच्याहि हातानें करावयाची नाहीं. क्रिस्तोफनें सायकल खांद्यावर टाकली, मोकळें चाक हातांत घेतलें आणि तो घाट उतरूं लागला. ज्यांना त्यानें चढावर मागें टाकलें होतें, ते एकामागून एक त्याच्या शेजारून निघून गेले. दहा किलोमीटर तरी तो असा पायीं चालला. पायथ्याच्या सेंत मारी द काँपाँ या गांवीं एका लहान मुलीनें त्याला लोहाराची साळ दाखविली.

लोहाराचें नांव लकोंत. तो भला माणूस जोड मारून देण्यास तयार झाला. पण शर्यतीचे पंच मागोमाग येऊन उभे होते. तेव्हां लोहारानें बाजूस उभें राहावें आणि क्रिस्तोफनें घण उचलावा, असें ठरलें. येथें तो जुना धंदा कामास आला. लोखंडी नळी घेऊन ती मोडक्या चिमट्यास बसेल अशी घडणें, तापविणें, ठोकणें, पुन्हां तापविणें, हें काम जवळजवळ तीन तास चाललें. एका हातानें लोखंड धरावें, दुसऱ्यानें ठोकावें, तर भात्यास तिसरा हात कोठून आणावा? साळेंतील कोर्नी नांवाच्या लहान मुलानें भाता ओढला. पंचांनीं तें पाहिलें व लिहून घेतलें. त्यांतील एकास भूक लागली आणि तो जेवावयास जाऊं पाहूं लागला, तेव्हां क्रिस्तोफनें त्यास वाटल्यास कोळसे खावयास सांगितलें, अशी कथा आहे. रागाचें तेवढेंच वाक्य त्याच्या तोंडून निघालें असेल, तर आम्हांस त्याचा संयमच मोठा वाटतो.

चिमटा जुळला. क्रिस्तोफ सायकलीवर बसला आणि आस्पँ व पेरेसूर्द हे राहिलेले दोन घाट चढून, उतरून, ल्यूशोंस पोंचला. थीसहून त्यास सुमारें पावणेचार तास अधिक लागले होते. भाता दुसऱ्यानें ओढला म्हणून दहा मिनिटांचा दंड झाला. पुढें तो तीन मिनिटांवर आणण्यात आला. चार तास गमावलेल्या माणसास तीन मिनिटें म्हणजे कांहींच नव्हे, हें खरें. पण नियमाची भीड राखावी तर किती, असा प्रश्न आमच्या मनांत उभा राहतो. पंचांची बाजूहि आम्ही समजूं शकतों : एकास भाता ओढूं दिला, तर उद्यां दुसऱ्यास घण मारूं द्यावा लागेल. तरीहि दहा मिनिटें लिहिणारा हात आम्हांस फार कोरडा वाटतो. क्रिस्तोफ मात्र पुढचे सर्व टप्पे चालवून पॅरिसला सातवा आला. शर्यत थीसनें जिंकली.

पुढें महायुद्ध आलें. क्रिस्तोफ सायकलस्वार पलटणींत होता. लापीझ विमानांतून लढतांना १९१७ सालीं मारला गेला. १९१९ सालीं शर्यत पुन्हां सुरू झाली, तेव्हां रस्ते उखडलेले होते व फारच थोडे स्पर्धक शेवटास पोंचले. आघाडीवरचा माणूस लोकांस ओळखूं यावा म्हणून त्या वर्षीं पिवळा सदरा देण्याची प्रथा पडली, आणि १९ जुलै १९१९ रोजीं ग्रनोबल येथें तो सदरा प्रथम क्रिस्तोफच्या अंगावर चढला. रस्त्यावरचे लोक त्यास पिवळ्या कॅनरी पक्ष्याची उपमा देऊन हंसत, व तें त्यास मुळींच आवडत नसे. शेवटून दुसऱ्या टप्प्यांत, मेत्स ते डंकर्क या ४६८ किलोमीटरांच्या वाटेवर, व्हॅलेन्सिएनजवळच्या दगडी फरसबंदीनें त्याचा चिमटा पुन्हां मोडला. पुन्हां स्वतःच्या हातानें दुरुस्ती केली. तासाहून अधिक वेळ गेला, पिवळा सदरा फर्मँ लांबो याच्याकडे गेला आणि क्रिस्तोफ तिसरा आला. लोकांनीं वर्गणी करून तेरा हजारांहून अधिक फ्रँक त्यास दिले. देणाऱ्यांनीं तूर जिंकणाऱ्याची नव्हे, हरणाऱ्याची पूजा बांधली, हें विशेष.

१९२२ सालीं, वयाच्या ३७ व्या वर्षीं, पिवळा सदरा पुन्हां कांहीं दिवस त्याच्या अंगावर आला. आणि आल्प्स पर्वतांतील गालिबिए घाटांत तिसऱ्यांदां चिमटा मोडला. तीन वेळां एकच वस्तु मोडावी, हें एखाद्या कादंबरीकारानें लिहिलें असतें तर आम्ही अतिशयोक्ति म्हणून सोडून दिलें असतें. १९२५ पर्यंत तो शर्यतींत उतरत राहिला.

१ फेब्रुवारी १९७० रोजीं तो वारला. सेंत मारी द काँपाँ या गांवीं आतां त्याचा पुतळा आहे. पायडलावर पाऊल घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडी व चामडी पट्टे त्याच्या नांवानें विकले जाऊं लागले होते. ज्यांस तुर्माले कोठें आहे हेंहि ठाऊक नव्हतें, अशा नाना देशांतील सायकलपटूंनीं क्रिस्तोफचे ते पट्टे पायांस बांधून आपापले घाट ओलांडले.