विश्लेषण : दोन अक्षरांवरून उलगडली ब्राह्मी लिपी! कोण होते जेम्स प्रिन्सेप?

शब्दकोडे अडले, की सराईत माणूस लांबलचक उत्तराच्या मागे लागत नाही. एक-दोन अक्षरे नक्की बसतील अशी छोटी जागा तो आधी शोधतो. सम्राट अशोकाचे शिलालेख १८३७ मध्ये वाचले गेले, ते याच रीतीने.

टांकसाळीतील अधिकारी

२० ऑगस्ट १७९९ रोजी जन्मलेल्या प्रिन्सेप यांना वास्तुविशारद व्हायचे होते. डोळ्यांच्या दुखण्यामुळे तो बेत फसला. १८१९ मध्ये ते कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूचा कस तपासण्याच्या कामावर रुजू झाले आणि पुढची सुमारे दहा वर्षे बनारसच्या टांकसाळीत होते. रोज नाणी हाताळताना जुन्या नाण्यांवरील अक्षरांचा नाद लागला. १८३२ मध्ये ते बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे सचिव झाले आणि देशभरातून लेखांचे ठसे त्यांच्याकडे येऊ लागले.

कोडे काय होते?

दिल्ली आणि अलाहाबादच्या स्तंभांवर एकाच लिपीतील लेख होते. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने स्तंभ दिल्लीत आणवला, तेव्हाही तो लेख कोणाला वाचता आला नव्हता. काही युरोपीय अभ्यासकांना ही लिपी ग्रीक वाटली. १८३६ मध्ये ख्रिस्तियन लासेन यांनी अगॅथोक्लिस या राजाच्या नाण्यावरील ग्रीक मजकुराच्या आधारे ब्राह्मीतील त्याचे नाव वाचले. पण मोठे लेख मुकेच राहिले.

धागा कुठे सापडला?

सांचीच्या स्तूपाच्या दगडी कठड्यांवर असंख्य छोटे लेख आहेत. कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी पाठवलेले त्यांचे ठसे छपाईसाठी एकत्र मांडताना प्रिन्सेप यांच्या लक्षात आले, की बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात.

इतके तुटक लेख म्हणजे सलग मजकूर नव्हे. मग ते काय असावेत? मृतांची स्मृती किंवा भाविकांच्या देणग्या. ब्रह्मदेशातील पॅगोडांच्या आवारात भाविक ध्वज आणि मूर्ती अर्पण करतात, हे त्यांना ठाऊक होते. आपल्याकडेही देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव असतेच. म्हणजे शेवटचा शब्द ‘दानं’ असणार!

त्याआधी बहुतेकदा येणारे अक्षर ‘स’ ठरले. सौराष्ट्राच्या नाण्यांवरून षष्ठीचा हा प्रत्यय त्यांना माहीत होता. त्याचा अर्थ ‘अमक्याचे’. ‘द’, ‘न’ आणि ‘स’ पक्के होताच देणगीदारांची नावे सुटत गेली आणि उरलेली अक्षरेही जागेवर बसली. त्या बळावर दिल्लीचा स्तंभही काही आठवड्यांत बोलू लागला. भाषा होती पालीला जवळची प्राकृत.

उत्तर बरोबर, पण राजा चुकला

लेखांतील राजा स्वतःला ‘देवानंपिय पियदसि’ म्हणवत होता. प्रिन्सेप यांना तो आधी सिंहलद्वीपाचा राजा वाटला. तेथेच नोकरीला असलेल्या जॉर्ज टर्नर यांनी पाली इतिहासग्रंथातून दाखवून दिले, की पियदस्सी म्हणजे चंद्रगुप्त मौर्याचा नातू अशोक. प्रिन्सेप यांनी चूक लगेच सुधारली. पुराणांतील वंशावळीत नावापुरता उरलेला अशोक आता स्वतःच्या शब्दांत समोर आला.

पुढे काय झाले?

टांकसाळ, सोसायटीचे नियतकालिक आणि लिपी असा तिहेरी भार प्रकृतीला पेलला नाही. १८३८ मध्ये आजारी अवस्थेत ते इंग्लंडला परतले आणि २२ एप्रिल १८४० रोजी, अवघ्या ४० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कोलकात्याचा प्रिन्सेप घाट त्यांच्याच नावाचा.

महाराष्ट्राला काय मिळाले?

कार्ले, कान्हेरी, जुन्नर, नाशिकच्या लेण्यांतील ब्राह्मी लेख वाचण्याचा मार्ग याच किल्लीने मोकळा झाला. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात अशोकाच्या लेखाचा तुकडा मिळाला, तेव्हा तो ओळखता आला. लेण्यांतील अनेक लेखही दानाचेच आहेत. सम्राटाचे लेख वाचण्याची किल्ली मिळाली, ती मात्र सांचीच्या अशाच साध्या देणगीदारांकडून.